सरलाकाकूंसाठी दिलेली सही

गुरुजींनी लॅपटॉपच्या पडद्यावरून हात जोडले, "आता जेवून घ्या सगळे," म्हणाले आणि पुण्यात गडप झाले. झालं सरलाचं वर्षश्राद्ध. सौमित्र कद नेसून, आत थर्मल चढवून बसला होता. पाटावरून उठताना त्याने गुडघा धरला, तेव्हा त्याच्या वडिलांच्या, प्रकाशरावांच्या, मनात आलं, अरे, हा पोरगासुद्धा आता उतरणीला लागला की! बाहेर हूफडॉर्प या डच गावाचा तो नेहमीचा वारा सुटला होता. स्खिपोल विमानतळावर उतरणारी विमानं सौमित्रच्या घरावरून इतकी खाली जात होती की दर दहा मिनिटांनी बोलणं थांबवावं लागे.

जेवणं नीट झाली. रूपालीने वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत केलं होतं. या सुनेला कोणी काही म्हणू दे, एकदा हातात घेतलेलं काम ती अर्धवट सोडत नसे. मधूकाकू मदतीला सकाळपासून आल्या होत्या. त्या सरलाच्या जिवाभावाच्या मैत्रीण. रविवारच्या मराठी वर्गात दोघींनी मिळून बारा-तेरा वर्षं हूफडॉर्पच्या पोरांना मुळाक्षरं गिरवायला लावली होती. पोरं मराठीतला प्रश्न ऐकून घेत आणि डचमध्ये उत्तर देत, तरी या दोघींनी कधी हार मानली नाही.

आणि या सगळ्यात संहिता एकच वडा कुरतडत, घड्याळाकडे बघत बसली होती. प्रकाशरावांना आपल्या लेकीचं हे बसणं ओळखीचं होतं. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि ताटं उचलेपर्यंत तिने स्वतःला धरून ठेवलं होतं.

ताटं उचलली गेली. संहिताने पिशवीतून एक मोठा कागद काढला आणि टेबलावर पसरला.

"हे बघा, बाबा. नगरपालिकेने शेवटी जागा दिली. त्या बंद झालेल्या शाळेतला मागचा भाग. दोन वर्ग, एक छोटा हॉल, आणि बाहेर वाळूचा खड्डा. रंग आपण निवडायचा आहे."

आईची शाळा. घरात सगळे तिला असंच म्हणत. खरं नाव डचमध्ये होतं, लांबलचक, सरकारी कागदांपुरतं. या देशात म्हणे कोणीही उठून शाळा काढू शकतो आणि तिचा खर्च सरकार उचलतं. प्रकाशरावांना प्रथम ही थापच वाटली होती. पण ते खरं होतं. अट एवढीच, की आधी आसपासच्या पालकांचा कल दाखवायचा. ज्यांना दोन ते चार वर्षांची मुलं आहेत, त्यांनी आपापल्या डिजीडीने, म्हणजे सरकारी ऑनलाइन ओळखीने, लॉग-इन करून सांगायचं, होय, अशी शाळा निघाली तर मला तिच्यात रस आहे. घरात त्याला सगळे 'सही' म्हणत. पुरेशा सह्या झाल्या की शिक्षण खात्याचे लोक येऊन आराखडा तपासतात, मग मंत्रालय हो किंवा नाही म्हणतं. सरलाने आजारपणात सह्या गोळा केल्या, संहिताने आराखडा लिहिला. सरला गेल्यावर पाच महिन्यांनी मंत्रालयाचा होकार आला. त्या दिवशी संहिता फोनवर इतकी रडली होती की प्रकाशरावांना वाटलं नकार आला.

डच आणि मराठी हातात हात घालून चालतील, मूल घरची भाषा बोललं तर त्याला कोणी गप्प करणार नाही, अशी ही शाळा. येत्या ऑगस्टमध्ये उघडायची होती. त्यासाठी संहिताने डेल्फ्टच्या शाळेतली कायमची नोकरी सोडली होती. या देशात कायमची नोकरी सोडणं म्हणजे काय, हे ज्याने इथे व्हिसावर वर्षं काढली त्यालाच कळेल.

"वहिनी," संहिता म्हणाली, "आजच्या दिवशी विचारावं असं ठरवलं होतं. प्रवेश सुरू झालेत. पहिलं नाव भार्गवीचं घालू या ना. आईच्या वर्षश्राद्धाला पहिलं नाव तिच्या नातीचं. बरं वाटेल."

रूपाली हातातलं फडकं घडी करत राहिली. तिने सौमित्रकडे पाहिलं. सौमित्रने खिडकीबाहेर पाहिलं. प्रकाशरावांना तेव्हाच कळलं.

"काय झालं?" संहिताने विचारलं.

"अगं, भार्गवीचं नाव घातलंय," सौमित्र म्हणाला. "कॅनॉलपलीकडच्या शाळेत. दिवाळीच्या आधीच."

"कुठल्या शाळेत?"

"आपली इथली. फेना जाते ती. शेजारची."

भार्गवी गालिच्यावर ठोकळे रचत होती. फेनाचं नाव ऐकल्याबरोबर तिने मान वर केली. "फेना इस माइन बेस्टे फ्रिंडिन," तिने सगळ्यांना ठणकावून सांगितलं आणि परत कामाला लागली. जिवलग मैत्रीण होती फेना तिची. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

संहिता आधी हसली. तिला ही थट्टाच वाटली असणार. मग तिचा चेहरा उतरला.

"दादा, तू सही दिली होतीस."

"दिली होती."

"तू संस्थेचा खजिनदार आहेस! शाळेच्या खजिनदाराचीच मुलगी शाळेत नाही म्हटल्यावर बाकीचे काय करतील? पैसे मुलं मोजून मिळतात रे. ऑगस्टमध्ये वर्गात मुलंच नसतील तर सरकार काय भिंतींना पैसे देणार?"

"बाकीचे काय करतायत आत्ता?" सौमित्रने हळूच विचारलं. "किती नावं आली, संहिता?"

तिने कागदाचं टोक सरळ केलं. मागच्या शनिवारी शाळेचा ओपन डे होता. प्रकाशराव स्वतः थर्मासभर चहा घेऊन गेले होते आणि तो बहुतेक तसाच घरी परत आणला होता. सुदर्शन आला होता, सरलाचा जुना विद्यार्थी, आता स्वतः बाप. वाळूचा खड्डा बघून "मस्त, मस्त" म्हणाला आणि दारात चपलेत पाय घालता घालता म्हणाला, की त्याचा मुलगा चार वर्षांचा झाल्यामुळे नोव्हेंबरपासूनच दुसऱ्या शाळेत जातो. सही केली तेव्हा पोरगं तीन वर्षांचंही नव्हतं. होकार यायला आणि जागा मिळायला एवढा काळ गेला, पोरं कोणासाठी थांबतायत? काही घरं नोकरी बदलून आइंडहोव्हनला गेली. काही परत पुण्याला. आणि उरलेल्यांचे मेसेज, सगळे एकाच साच्यातले. 'ताई, ऑल द बेस्ट, काकूंचं स्वप्न नक्की पूर्ण होईल.' मुलाच्या नावाचा पत्ता नाही.

"म्हणूनच तर भार्गवी हवी," संहिता म्हणाली. "एकाने सुरुवात केली की बाकीचे येतात. आपल्या लोकांचं असंच असतं, तुला माहितीये."

"मला माहितीये. पण ते एक माझं मूल आहे."

"म्हणजे? माझ्या शाळेत तिचं वाईट होईल?"

"असं मी म्हटलं का?"

"मग काय म्हणतोयस?"

सौमित्र खुर्ची ओढून बसला. कद सावरला. "ऐक. मी चार वर्षांचा होतो. बाबा वाखनिंगनला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत होते. तिथल्या नर्सबाईंनी आईला सांगितलं, मूल मागे पडतंय, घरात फक्त डच बोला. तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस. आईला तेव्हा धड डच येत नव्हतं. पण तिने ऐकलं. दोन वर्षं आई माझ्याशी पाठ्यपुस्तकातल्यासारखं डच बोलायची. 'हे टेबल आहे. ही खुर्ची आहे. जेवण तयार आहे.' झोपताना गोष्ट नाही, रागावणं नाही, लाड नाहीत. रागवायलासुद्धा तिला शब्द नव्हते गं! मी तिला म्हणायचो, आई, बोल ना. ती तोंडावर पदर धरून आत निघून जायची."

एक विमान गेलं. सगळे थांबले.

"मग मी तेच तर सांगतेय!" संहिता जवळजवळ ओरडली. "त्याचसाठी ही शाळा! पुन्हा कुठल्या आईवर ती पाळी येऊ नये म्हणून!"

"आणि मी सांगतोय की एका पिढीत एकदा झालं तेवढं पुरे. माझ्यावर एक प्रयोग झाला, तो चांगल्या मनानेच झाला. माझ्या मुलीवर दुसरा नको, तो कितीही चांगल्या मनाचा असला तरी. ती गल्लीतल्या मुलांबरोबर चालत शाळेत जाईल. घरी मी तिच्याशी मराठी बोलीन. संपलं."

"मग सही का दिलीस?"

"आईने मागितली म्हणून!" आता त्याचाही आवाज चढला. "दवाखान्यात होती. सलाईन लावलेल्या हाताने तिने माझा फोन माझ्याचपुढे धरला आणि म्हणाली, 'सौमित्र, तुझी राहिलीये.' काय म्हणणार होतो मी? थांब आई, जरा विचार करतो?"

रूपाली भार्गवीजवळ जाऊन बसली. पोरीला मोठ्यांच्या आवाजाची भीती वाटू नये म्हणून तीही ठोकळे रचू लागली. संहिता आता उघड रडत होती. एरवी रडणारी मुलगी नव्हे ती. नवऱ्यापासून वेगळी झाली, तेव्हाही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं; उलट आईने 'पुन्हा एकदा विचार कर' म्हटल्यावर फोन आदळला होता आणि त्यानंतर कित्येक वर्षं दिवाळीपुरती येत होती. तिला असं रडताना पाहून प्रकाशरावांना राहवेना. सरला असती तर तिने काय केलं असतं, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. आणि त्यांनी तोंड उघडलं.

"सौमित्र. टाक ना रे तिला. एक वर्षच. नाही पटलं तर काढ."

"बाबा, तुम्ही सांगताय?"

"मी सांगतोय. तुझ्या आईसाठी."

सौमित्रने बापाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या सरलाच्या फोटोकडे. हार ताजा होता, पिवळ्या ट्यूलिपचा. झेंडू या दिवसांत कुठून आणणार?

"ठीक आहे," तो म्हणाला. "आईसाठी म्हणताय तर ठीक आहे. घाला नाव."

रूपाली उठली, स्वयंपाकघरात गेली. भांडी घासण्याचा आवाज सुरू झाला. डिशवॉशर असताना ही बाई हाताने भांडी घासते आहे म्हणजे काय, ते त्या घरात सगळ्यांना कळत होतं.

आणि तेव्हा मधूकाकू बोलल्या. इतका वेळ त्या सोफ्याच्या टोकाला मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "अगदी हेच झालं सगळ्यांचं."

"काय झालं, काकू?"

"संहिता, रागावू नकोस. सह्यांच्या त्या वर्षी गणपतीत मी सरलाच्या शेजारी उभी होते. आरती झाली की ही दारात बसायची, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात फोन. 'आधी सही, मग मोदक.' केमोने डोळे आत गेलेले. तिला नाही कोण म्हणणार गं? आपल्यात आजारी माणसाने पाणी मागितलं तर नाही म्हणतात का? सगळ्यांनी दिलं. कोणी वाचलंसुद्धा नाही काय लिहिलंय ते. त्यांनी शाळेला सही दिलीच नाही, बाळा. त्यांनी सरलाला सही दिली."

संहिताने डोळे पुसले. "मी लोकांकडे बघून नोकरी सोडली, काकू. एवढ्या सगळ्या लोकांना शाळा हवी आहे असं मला वाटलं."

"हो गं. मला माहीत आहे."

"आईलाही तसंच वाटत होतं!"

मधूकाकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. प्रकाशरावांना वाटलं, आता या बाईने गप्प बसावं. पण बोलणं एकदा सुरू झालं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "सरलाला कळत होतं. मी तिला म्हटलं होतं, अगं, ही मंडळी तुझ्या तोंडाकडे बघून हो म्हणतायत, पोरं पाठवायची वेळ आली की कोणी येणार नाही. तर हसली. म्हणाली, 'ठाऊक आहे मला, मधू. पण आता जो भेटतो तो कशी आहेस, काय म्हणतात डॉक्टर, एवढंच विचारतो. फोन पुढे केला की निदान सही कुठे करू असं तरी विचारतात.'"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. रूपाली दारात येऊन उभी होती, ओल्या हातांनी.

"आणि मला?" संहिता म्हणाली. "मला का नाही सांगितलं तिने? माझी नोकरी... मी रात्र रात्र तो आराखडा..." तिने फोटोकडे पाहिलं. "किती स्वार्थी, आई! किती स्वार्थी!"

वर्षश्राद्धाच्या दिवशी, फोटोसमोर, असं बोलल्याबद्दल तिला कोणी टोकलं नाही. मधूकाकूंनी फक्त प्रकाशरावांकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

संहिता उठली. टेबलावरचा कागद तिने नीट गुंडाळला. मग भावापाशी गेली.

"दादा, भार्गवी फेनाच्याच शाळेत जाऊ दे."

"अगं, मी म्हटलं ना, घाला नाव—"

"नको. मला अशी पोर नको. अशा सह्यांवरच तर एवढं सगळं उभं केलं." तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. "मी मंत्रालयाला कळवते, परवानगी परत करतो म्हणून. खजिनदार म्हणून तुझी सही लागेल. ती मात्र वाचून कर."

सौमित्रने बहिणीला जवळ घेतलं. दोघं बराच वेळ तशीच उभी राहिली. लहानपणीही इतका वेळ कधी उभी राहिली नसतील. भार्गवीला हे सगळं फार विचित्र वाटलं असावं. ती आत्याच्या पायाला येऊन बिलगली आणि विचारती झाली, आत्या का रडते, "दुट हेट पाइन?" दुखतंय का म्हणून.

"हो, थोडंसं," आत्याने मराठीत सांगितलं. पोरीला कळलं. तिने गुडघ्यावर फुंकर घातली.

ऊन कलायच्या आत संहिता निघाली. प्रकाशराव बसस्टॉपपर्यंत पोचवायला म्हणून कोट चढवून बाहेर पडले. नव्या वसाहतीतले ते सरळ, सारखे रस्ते. सायकलवरून एक कुटुंब वाऱ्याशी झुंजत चाललं होतं, बाप पुढे, आई मागे, पोरं मध्ये. दोघं बापलेक चालत राहिली. स्टॉपवर काचेच्या आडोशाला उभं राहिल्यावर संहिताने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"बाबा, तुम्हाला तरी सांगितलं होतं का तिने? मला का नाही सांगितलं?"

प्रकाशरावांना सरलाने तोंडाने काहीच सांगितलं नव्हतं. पण ते त्याच घरात राहत होते, डोळे उघडे ठेवून. माणूस जन्मभर बियाणं कसं रुजतं ते बघत आला होता, त्याला एवढं दिसणार नाही?

"तू डेल्फ्टहून रोज यायचीस," ते म्हणाले. "शाळा सुटली की ट्रेन पकडून, लायडनला बदलून. आठवतं?"

"आराखड्यासाठी. हो."

"तिला दुपारभर डोळे उघडवत नसत. पण तुझी यायची वेळ झाली की मला म्हणायची, उशी लावा, मला बसवा. केस तर राहिलेच नव्हते, तरी कपाळावरून हात फिरवायची. कुंकू लावून घ्यायची. कागद मांडीवर पसरून ठेवायची, वाचता येत नसले तरी. मग तू आलीस की दोघी भांडायचात, हा विषय कधी शिकवायचा, वर्गात किती मुलं. खोलीभर तुमचा आवाज. मी बाहेर बसून ऐकायचो." त्यांनी वाऱ्याकडे पाठ केली. "तुझ्या घटस्फोटाच्या भांडणानंतर तू दिवाळीला यायचीस, पोरी. एक रात्र. शाळा निघणार नाही असं तिने म्हटलं असतं, तर तू रोज आली असतीस का? एवढंच असेल तिच्या मनात. दुसरं काही नसेल."

संहिताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. प्रकाशरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. या वयात दुसरं काय करतात, त्यांना माहीत नव्हतं.

"मी तशीही आले असते, बाबा," ती शेवटी म्हणाली. "ती आजारी होती. मी तशीही आले असते ना!"

"हो गं. आली असतीस."

"खरंच आले असते."

"हो. माहितीये मला."

दूर वळणावर बसचे दिवे दिसले. संहिताने नाक पुसलं, कार्ड काढलं. प्रकाशरावांना आतून काहीतरी ढकलू लागलं. आपल्या रिकाम्या फ्लॅटची, एका माणसाच्या कुकरची, संध्याकाळची त्यांना एकदम धास्ती वाटली.

"उद्या ये ना," ते म्हणाले.

"उद्या? कशाला? आता काय काम राहिलंय, बाबा?"

"काम काही नाही. नुसतीच ये. आमटी-भात करतो."

बस थांबली, दार उघडलं. संहिता पायरीवर चढली, वळली, आणि वडिलांकडे पाहून ओल्या डोळ्यांनी हसली. फार प्रेमाने हसली.

"बघते," ती म्हणाली. "जमलं तर फोन करते."

शाळेचा विषय निघायच्या आधी दर रविवारी सरला तिला फोनवर ये म्हणायची, तेव्हाही ती हेच म्हणायची. दार बंद झालं. प्रकाशरावांनी हात हलवला, बस दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिले, आणि मग कोटाची कॉलर वर करून घराकडे वळले.